सीटखालची ऊब

वळणावरच्या सपाट दगडावर सिगारेटची चार थोटकं होती, एक वाळलेलं चाफ्याचं फूल होतं आणि पाचवी सिगारेट अजून जळत होती. दगडाशेजारी आमची गाडी उभी होती. गाडीत कोबीची नऊ पोती, तीन बायका आणि पिशवीतून फक्त मान बाहेर काढलेला एक कोंबडा. इंजिन बंद. धुकं असं दाट, की पुढच्या चाकांपलीकडे रस्ता आहे हे केवळ आठवणीच्या भरवशावर मानायचं.

"अर्धी राहिलीय," लिक मिसरुन, म्हणजे आमचे मिसरुनकाका, म्हणाले. ते रस्त्यावर उकिडवे बसले होते, हात काखेत, नजर सिगारेटवर.

"तुमच्या म्हाताऱ्याला म्हणावं, जरा मोठे झुरके मार," पुढच्या सीटवरून त्यांची बायको, आमची काकू, बुलिक तुमिनाह म्हणाली. "मला सातला मशीनवर पोचायचंय."

"हळू बोल. ऐकतात ते."

"ऐकू देत की. इतकी वर्षं तुम्हांला ऐकवलं, त्यांना ऐकवायला काय जातंय?"

मागे कोबीच्या पोत्यावर बसलेली बू सार्ती हसली आणि कोंबड्याची मान आत दाबली. मी हसले नाही. बुलिकच्या आवाजात दम राहिला नव्हता. तीन शब्दांनंतर ती श्वास घ्यायला थांबत होती.

जावा बेटावरच्या दियेंगच्या पठारावरून वोनोसोबो शहराला उतरताना, चहाचे मळे सुरू होण्याच्या जरा वर हे वळण लागतं. वळणाचा एक राखणदार आहे. त्याला सगळे म्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा. इथे गाडी बंद पडली तर म्बाहना एक लवंगेची सिगारेट लावून द्यायची, आणि ती पूर्ण जळेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. घरमालक दारात बसलेला असताना आपणच त्याचं कुलूप खटखटवायचं नसतं, असं लिक समजावतात. सिगारेट संपली की गाडी सुरू होते. नेहमीच होते. मी लहान असताना थंडीच्या दिवसांत इथे एकामागे एक तीन-तीन गाड्या उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर दगडाभोवती गप्पा मारत बसायचे. पुढे बहुतेकांनी नव्या गाड्या घेतल्या, त्या थांबत नाहीत. लिकची जुनी गाडीसुद्धा कित्येक वर्षं थांबली नव्हती. ते नुसता हॉर्न वाजवून पुढे जायचे. आमच्याकडे थंडी जुलै-ऑगस्टात पडते; या जुलैला ती सुरू झाल्यापासून मात्र गाडी दर फेरीला थांबू लागली होती.

सिगारेट विझली. लिक उठले, दगडाला हात जोडले, आत येऊन किल्ली फिरवली. कधी बंद पडलंच नव्हतं अशा थाटात इंजिन सुरू झालं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बाकीची सगळी मशीनं चालू झाली होती. लिकनी टोपी काढून हातात घेतली आणि डायलिसिसच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "नर्सबाई, गाडीची चूक आहे. हिची नाही."

हे वाक्य मला पाठ होतं. गावातून खालच्या शाळेत जाणारी आम्ही सगळी पोरं याच गाडीतून, कोबीच्या पोत्यांवर बसून शाळेत जात होतो. दरड पडली, चाक पंक्चर झालं, कुणाची बकरी आडवी आली, काहीही होऊन उशीर झाला की लिक आम्हांला फाटकात सोडून निघून जायचे नाहीत. आमच्या पुढे चालत वर्गापर्यंत यायचे, टोपी काढायचे आणि मास्तरांना म्हणायचे, "गाडीची चूक आहे. पोरांची नाही." आमच्यापैकी एकालाही उशिरासाठी कधी छडी बसली नाही. मी पुढे पदार्थविज्ञान शिकले, आता वोनोसोबोतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. एखादं पोर उशिरा आलं की माझी नजर आधी त्याच्या मागे जाते, टोपी काढलेलं कुणी उभं आहे का बघायला.

विदी नर्सने बुलिकला काट्यावर उभं करून वजन लिहिलं. मग लिककडे वळून म्हणाली, "पाक मिसरुन, मला कळतंय हो. पण मशीनला कसं सांगू? हिच्यानंतर दुसरा पेशंट आहे, त्यालाही घरी जायचंय. जेवढा उशीर, तेवढं पाणी आत राहतं. हिचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं, साडेबेचाळीस. गेल्या वेळी घरी गेली तेव्हा चव्वेचाळीस होती. दीड किलो पाणी घेऊन गेली ती. म्हणून धाप लागतेय."

"दीड किलो," लिक म्हणाले. ते कोबी तोलणारे माणूस. दीड किलो म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना कळत होतं.

दुपारी त्यांच्या मुलीचा, एस्तीचा, सेमारांगहून फोन आला. लिकना फोन कानाशी धरायची सवय नाही. ते तो हातावर ठेवून बोलतात, त्यामुळे सगळ्या बाकाने ऐकलं.

"बापा, मी सोमवारी येतेय. हॉस्पिटलातच भेटते. वेळेवर आलात तर काही बोलणार नाही. नाही आलात तर आई माझ्याकडे येईल. माझ्या घरापासून हॉस्पिटल चालत जाण्याएवढं आहे. भांडण नको."

"भांडण कोण करतंय?" लिक म्हणाले.

"मी करतेय," शेजारून बुलिक म्हणाली. "तुझ्याकडे रात्री भिंतींनासुद्धा घाम येतो. मी उकडून मरेन, मग मशीनचा उपयोग काय?"

"आई, गंमत नको."

"बरं," बुलिक म्हणाली, आणि खरंच गप्प झाली. लिकनी फोन खिशात ठेवला. नंतर बराच वेळ ते खिसा चाचपून बघत होते, तो बंद झालाय की नाही.

परतीच्या रस्त्यावर, मला नेहमीसारखं न्दुक, म्हणजे पोरी, म्हणत ते म्हणाले, "ती बरोबर बोलतेय, न्दुक. पोरगी आईचाच विचार करतेय. आभारच मानले पाहिजेत." ते खरोखर तसं मानत होते, हेच ऐकायला जड गेलं. दोघांचं घर म्हणजे दोन खोल्या, बटाट्याचा एक तुकडा आणि चूल. चुलीपुढे दोन बुटकी स्टुलं आहेत. सेमारांगला एक स्टूल गेल्यावर दुसऱ्याचं काय करायचं, हे लिकनी विचारलं नाही, मीही नाही.

मला एकच गोष्ट खटकत होती. म्बाह आधी रागावले नव्हते आणि आता रागावले, तर मधे काय बदललं? मी एस्तीच्या नवऱ्याला, हेरूला, फोन केला. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सणाला सासऱ्यांना भेट म्हणून त्याने गाडी सेमारांगला नेऊन ट्यून करून आणली होती.

"मास हेरू, तेव्हा नेमकं काय काय केलं गाडीचं?"

"का? ओढत नाही का चढाला?"

"ओढते. छान ओढते. म्हणूनच विचारतेय."

"मग! चांगला मेकॅनिक आहे तो. एक्झॉस्टच्या पाइपाला कुणीतरी गंजका पत्रा गुंडाळला होता, त्यातून एक नळी एअर फिल्टरला जात होती. तो म्हणाला, इंजिनला गरम हवा कसली पाजताय? गरम हवा विरळ, त्यात दम नसतो. पत्रा काढून टाकला, पुढच्या जाळीतून थंड हवा येईल अशी नवी नळी घातली. मग त्या हवेप्रमाणे कार्बोरेटर लावला."

सेमारांगच्या हवेत तो मेकॅनिक शंभर टक्के बरोबर होता. तिथे सकाळची हवासुद्धा अठ्ठावीस-तीस अंशांची; ती आणखी तापवून इंजिनला देणं म्हणजे ताकद वाया घालवणं. पण तीच गाडी आमच्या वळणावर सकाळी दहा अंशांची, धुक्याने चिंब हवा ओढत होती. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. हातावर स्पिरिट पडलं की गार लागतं, तसंच. कार्बोरेटरच्या गळ्यात हवा आणखी पंधरा अंशांनी सहज उतरते. दहातून पंधरा गेले की हवेतल्या पाण्याचा बर्फ होतो. उतारावर गळ्यातली झडप जवळजवळ मिटलेली असते, तेव्हा फट बुजायला थोडासा बर्फही पुरतो. इंजिन गुदमरून बंद पडतं. मग त्याच्याच उबेने बर्फ वितळतो, आणि गळा उघडून बघणाऱ्याला आत काहीही सापडत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं. बघितलं कुणीच नव्हतं, कारण बघायचं तर सिगारेट जळत असतानाच बघायला हवं होतं.

मी लिकना सांगितलं. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं.

"असेल, न्दुक. तू शिकलीयस, तू सांगतेस म्हणजे असेल. पण मान आधी. सिगारेट संपली की बघ, मी नाही म्हणणार नाही."

"तोवर ते वितळून जातं, लिक."

"मग म्बाहना ते दाखवायचं नसेल."

मी पिशवीत टॉर्च टाकून ठेवला.

गुरुवारी गाडी पुन्हा त्याच वळणावर आचके देत बंद पडली. लिक उतरले, दगडावर सिगारेट ठेवून काडी ओढू लागले. धुक्याने काड्या सादळल्या होत्या. दुसरी काडी, तिसरी काडी. एवढ्यात मागे सीट करकरली.

या जुन्या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ते उघडायचं तर सीटवरच्या माणसाला उठवून सीट मागे उलटावी लागते. बुलिक मुद्दाम त्याच सीटवर बसायची, खालून ऊब लागते म्हणून. आता ती दाराला धरून, सुजलेल्या पायांनी खाली उतरत होती.

"तुमिनाह! कुठे चाललीस?"

"म्बाहशी बोलायला." ती दगडापाशी गेली आणि एक हात गुडघ्यावर टेकून उभी राहिली. "आजोबा, मी मिसरुनची बायको. तुमची सिगारेट कुठे जात नाही, हे काय, इथेच आहे. पण माझ्या अंगात पाणी भरलंय आणि पोरगी सोमवारी मला घेऊन जाणार आहे. ही पोर जरा सीट उचलून बघतेय. राग आला तर माझ्यावर काढा. मी तशीही फार दिवस रुसवे सोसणार नाही." मग मागे न बघता म्हणाली, "निंग, उघड."

मी लिककडे पाहिलं. त्यांच्या हातात न पेटलेली काडी होती. त्यांनी ती पुन्हा ओढली नाही.

मी सीट उलटली. फिल्टरच्या झाकणाचा नट हाताने फिरवून झाकण काढलं आणि टॉर्च लावला. कार्बोरेटरच्या गळ्यात, पेट्रोलच्या बारीक तोंडाभोवती आणि झडपेच्या कडेला पांढरंशुभ्र काहीतरी धरलं होतं. भुसभुशीत, पिसासारखं.

"लिक. या लवकर."

ते आले, वाकले. मग बोट आत घालून त्यांनी ते पांढरं टिपलं आणि बोट तोंडासमोर धरलं.

"अगं, हे तर आपलंच! बून उपास!"

बून उपास म्हणजे विषारी दव, गोठून पांढरं झालेलं. ऑगस्टच्या पहाटेला आमच्या शेतांवर पडतं आणि उन्हं येईपर्यंत बटाट्याचा पाला जाळून टाकतं. दियेंगचं माणूस ते शंभर पावलांवरून ओळखतं. लिकनी ते आयुष्यभर पाल्यावर पाहिलं होतं, गाडीच्या पोटात कधी नाही.

"हा चोर इथे बसलाय होय?" ते हसायला लागले. त्यांचं हसणं ऐकून कोंबडा ओरडला. बू सार्ती मागून म्हणाली, "काय सापडलं? मला पण दाखवा!" तिने मान आत घातली तोवर कडेचं पीस काचेसारखं झालं होतं. त्याचा एक थेंब सुटला आणि आत पडला.

लिक दगडाकडे वळले. आता मात्र काडी पेटली. सिगारेट लावून ते म्हणाले, "म्बाह, माफ करा. आणि उपकार झाले." मग मला म्हणाले, "बघ, आम्ही मूर्ख. गाडी थांबली की धक्के मारून, बॅटरी मारून बसलो असतो. ते वितळेपर्यंत म्बाह आम्हांला स्वस्थ बसवत होते."

मी मनातल्या मनात हिशेब केला. एक लवंगेची सिगारेट जळायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच सीटखालच्या उबेला तो बर्फ वितळवायला लागतो.

त्या दिवशीही आम्हांला उशीर झाला.

रविवारी सकाळी लिकच्या अंगणात, कारिकाच्या, म्हणजे डोंगरी पपईच्या, झाडाखाली आम्ही कामाला लागलो. एक्झॉस्टभोवती गुंडाळायला पातळ, वळणारा पत्रा हवा होता. लिकनी घरातून बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा आणला. सगळ्या जावामध्ये असतं तसंच त्यातही बिस्किटं नव्हती, कुरकुरे पापड होते.

"तो डबा नाही!" बुलिक ओट्यावरून ओरडली. "अहो, तो सणाचा डबा आहे!"

"सणाला पाहुणे झाकण उघडून फसतात, तेवढाच तर त्याचा उपयोग."

"म्हणजे आता गाडी फसणार?" पण तिने उठून पापड एका पातेल्यात ओतले आणि डबा फडक्याने आतून कोरडा पुसून दिला.

लिकनी पत्रा कापला, लाकडाच्या दांड्यावर ठोकून वळवला आणि एक्झॉस्टभोवती सैलसर बसवला. त्यातून फिल्टरच्या तोंडापर्यंत नळी नेली. मी शाळेतला तापमापक आणला होता. पुढच्या जाळीतून येणारी हवा नऊ अंश. पत्र्याखालून येणारी, इंजिन तापल्यावर, एकतीस.

"एवढी?" लिकनी तापमापक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ही तर सेमारांगची हवा झाली."

"हो. सकाळी सेमारांगची हवा पाजायची. दुपारी वर येताना थंड नळी जोडायची, म्हणजे चढाला दम राहील."

"म्हणजे गाडीला स्वेटर," बुलिक म्हणाली. "सकाळी घालायचा, दुपारी काढायचा. माणसाला कळतं ते गाडीला कळायला डबा कापावा लागला."

आता कार्बोरेटरचा स्क्रू राहिला होता. पण तोवर ऊन वर आलं होतं, आणि उन्हात तो लावून उपयोग नव्हता. ज्या हवेत गाडी चालणार त्याच हवेत तो लावायचा. सोमवारी उजाडताना, गवत पांढरं असताना, लिकनी इंजिन सुरू केलं आणि मी स्क्रू पाव पाव फेरा फिरवत गेले. लिक एक तळवा सीटच्या लोखंडी चौकटीवर ठेवून उभे होते. "अजून... अजून... पुरे. मागे. जरासं. हां." त्यांच्या हाताला जी थरथर कळत होती, ती माझ्याकडच्या कुठल्या साधनाला मोजता आली नसती. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं तिच्यावर बसतोय, एवढं तरी कळायला नको?" मग मागच्या दारात बटाट्याचं एक पोतं ठेवलं.

"हे कुणाला?"

"सेमारांगच्या मेकॅनिकला. एस्ती नेईल. मनापासून काम केलंय त्याने. जुन्या स्क्रूंना ग्रीस लावून बसवलंय, बघितलंस ना? त्याच्या हवेत त्याचं बरोबरच होतं."

आम्ही निघालो. बुलिक तिच्या सीटवर, मांडीवर हात. चहाच्या मळ्यांच्या वर धुकं लागलं. लिकनी वेग कमी केला. वळण आलं तसा इंजिनाचा आवाज किंचित उतरला, आणि गाडीतलं सगळं बोलणं थांबलं. बुलिकने दोन्ही हात सीटवर टेकले, उठायच्या तयारीत असल्यासारखे. लिकनी हॉर्न वाजवला, एकदा, लांब. आवाज पुन्हा भरला. दगड डावीकडून धुक्यातून आला आणि मागे गेला.

"गेलं," बू सार्ती म्हणाली.

"गप्प बस," लिक आणि बुलिक एकदमच म्हणाले.

खालच्या गावात ऊन होतं. हॉस्पिटलच्या फाटकात एस्ती उभी होती, खांद्याला मोठी कापडी पिशवी. गाडी दिसताच तिने आधी घड्याळ पाहिलं, मग आम्हांला. लिक सवयीने टोपी काढून पुढे झाले, तोंड उघडलं, आणि सांगायला काही नाही हे लक्षात येऊन तसेच उभे राहिले.

"सात वाजायचेत अजून, बापा," एस्ती म्हणाली.

"हो ना," लिक म्हणाले. "लवकर आलो."

विदीने बुलिकला मशीनला जोडलं. त्या दिवशी तिला पुरे चार तास मिळाले. एस्ती शेजारी बसून आईचे पाय दाबत होती. बुलिक तिला पापडांच्या डब्याची गोष्ट सांगत होती, दर वेळी थोडी वाढवून. मी शाळेची मधली सुट्टी झाल्यावर परत गेले तेव्हा नळ्या काढून झाल्या होत्या. विदीने बुलिकला दंडाला धरून उठवलं आणि चपला काढायला लावल्या. लिक काट्याकडे बघत नव्हते. ते खिडकीशी उभे होते, टोपी हातात. एस्तीने पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली.

बुलिक काट्यावर चढली. आकडा दोनदा हलला आणि थांबला.

बेचाळीस किलो, पाचशे ग्रॅम.